मुकादमिणीने निवडलेला कॅमेरा

मुकादमीण गेली त्याच्या आदल्या दिवशी ती आणि मी ओसरीवर ज्वारी निवडत बसलो होतो. दुपार टळलेली होती. तिच्या पुढ्यात सूप, माझ्या पुढ्यात परात. मी निवडायचो म्हणजे नुसता हात फिरवायचो. मी संपवलेली परात ती आपल्याकडे ओढायची, एकदा वरून बघायची आणि चिमटीने खडे काढून माझ्यासमोर फरशीवर मांडायची. बोलायची नाही. त्या दिवशी पाच खडे मांडले. मी म्हणालो, "गिरणीत गेले असते तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, "दात तुमचे हायेत. माझं काय जातंय." एवढंच बोलणं झालं. मग तिने चहा ठेवला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. सकाळी उठवायला गेलो तर उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय बंद पडलं, तिला कळलंसुद्धा नसेल.

मुकादमीण म्हणजे माझी बायको. तिचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. आमच्या मंठ्याकडच्या भागात बियाण्याच्या कंपन्यांचे प्लॉट असतात. त्यात क्रॉसिंगचं काम चालतं, आणि ते बायाच करतात. दुपारनंतर मादीच्या ओळीतली उद्या उमलणारी कळी नखाने सोलायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तिच्यावर फिरवायचं. एक कळी सोलायची राहिली तर तिचं बी भेसळीचं. वीस-पंचवीस बायांवर एक मुकादमीण असते. ही सतरा-अठरा वर्षं होती. नंतर गुडघे गेले, प्लॉट सुटला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मीसुद्धा तेच म्हणायला लागलो.

तिच्या नजरेची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. एकदा प्लॉटवरच्या साहेबाने तिची परीक्षा घ्यायची म्हणून बाया सोलायला यायच्या आधी स्वतः एका कळीवर पान झाकून ठेवलं. न सोललेली कळी. सकाळी ही बांधावर उभी राहिली, एकदा इकडून तिकडे बघितलं आणि म्हणाली, "साहेब, तिसऱ्या सरीत एक राह्यलीय. ती आमच्या बायांची न्हाई. तुम्हीच ठिवली काय?" साहेब हसला आणि त्या दिवसापासून तिच्या ओळी तपासायचं सोडून दिलं. तिला चष्मा लागला तो साठीनंतर, आणि तोही ती फक्त सुईत दोरा ओवायला लावायची.

"टरफल नका बघू, दाणा बघा," असं ती सारखं म्हणायची. हे बियाण्यापुरतं नव्हतं. लेकीला स्थळं आली तेव्हा मी एक दुकानवाला पसंत केला होता. इस्त्रीचा शर्ट, बोटात अंगठी. ही म्हणाली, त्याने पाणी प्यायल्यावर पेला कुठं ठेवला ते बघितलं का. मी काही बघितलं नव्हतं. त्याने पेला बसल्या जागी ढकलून दिला होता. हिने पसंत केला तो जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला होता, शर्टाला भट्टीच्या ठिणग्यांची भोकं. त्याने पेला उचलून मोरीत नेऊन ठेवला होता. आज तो जावई माझ्या गुडघ्याला तेल लावून देतो. दुकानवाल्याचं काय झालं ते मी सांगत नाही, पण बरं झालं नाही.

माझं सांगायचं तर मी चौथी शिकलो. बाकीचं शिक्षण बैलबाजारात झालं. तीस वर्षं दलाली केली. रुमालाखाली बोटं धरून सौदे केले. आमच्या धंद्यात पहिला धडा असा, की जनावर आवडलं तर ते तोंडावर दिसू द्यायचं नाही. खोडी काढायच्या. शिंगं वाकडी आहेत म्हणायचं, खूर फाकलाय म्हणायचं, आणि मग पाठ फिरवून चालायला लागायचं. दहा पावलांच्या आत धनी हाक मारतो. नाही मारली तर समजायचं, वीस पावलांवर मारील. मी आयुष्यात कधी मागे वळून बघितलं नाही, आणि मला कधी हाक आली नाही असं झालं नाही. मला त्याचा फार गर्व होता.

कॅमेऱ्याचं खूळ तिच्या डोक्यात दोन वर्षांपूर्वी शिरलं. मी खूळच म्हणायचो. आमच्याकडे आता माणूस गेलं की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. पुढाऱ्याचा लागतो तसा गरिबाचाही लागतो. पण म्हाताऱ्या बायांचे फोटो असतात कुठं? लग्नात फोटो काढायची रीत नव्हती. नंतर नातवंडांच्या फोटोत कडेला अर्धी दिसणार. मग पोरं आधार कार्ड घेऊन मंठ्याला जातात आणि तोच फोटो वाढवून आणतात. आधारच्या फोटोत माणूस पोलिसांनी धरून आणल्यासारखं दिसतं. तो फोटो दारापेक्षा मोठा केला की चेहऱ्याचे नुसते ठिपके होतात. नंतर तोच फ्रेम करून भिंतीला टांगतात, हार घालतात, आणि पुढची पोरं त्यालाच आजी म्हणतात.

आमच्या मागच्या घरातली लक्ष्मीबाई गेली तेव्हा मुकादमीण फ्लेक्ससमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही लक्ष्मी न्हाई. लक्ष्मीच्या गालावर हसल्याबिगर खळी पडायची. ती कुठं गेली?" लोक म्हणाले, आता आधारवर नाही त्याला कोण काय करणार. ही घरी आली आणि मला म्हणाली, "बाया जित्या हायेत तवरच फोटो काढून ठिवावे लागतेत. मी काढते."

लेकीने जुना मोबाइल दिला होता. त्याच्यावर चार-दोन फोटो काढले. ते ह्याच्याकडून त्याच्याकडे पाठवता पाठवता धुरकट झाले. मग ही मंठ्याच्या फ्लेक्सवाल्याकडे जाऊन बसली. तो आधी लग्नाचे फोटो काढायचा. मंगळवारच्या बाजाराला मी तंबाखू घ्यायला जायचो तेव्हा ही त्याच्या दुकानात स्टुलावर. त्याचा कॅमेरा हातात घेऊन तीन-चार बाजार शिकली. त्याने सांगितलं, "काकू, पहिला कॅमेरा नवा घेऊ नका. शिकताना तो पडतो, आपटतो, जीव हळहळतो. जुना घ्या. बाहेरून घासलेला चालंल, काच चांगली पाहिजे. काचीत बुरशी धरलेली असली तर फुकट दिला तरी घेऊ नका. अन् लग्नवाल्याचा घेऊ नका, त्याचं बटण लाखदा दाबून झालेलं असतं."

हे ऐकून ती एवढी खूश झाली की घरी येऊन मला दोनदा सांगितलं. "बघा, मी म्हनते तेच म्हनला तो. टरफल न्हाई, दाणा."

त्या दिवसापासून गल्लीतल्या बायांना सुख नव्हतं. कुणी दळण घेऊन चाललीय, ही तिला मध्येच थांबवणार आणि उन्हाकडे तोंड कर म्हणणार. सोजरमाय म्हणून शेजारी आहे, पंच्याऐंशीच्या पुढची, तोंडाने फटकळ. तिला म्हणाली, "माय, तुझा फोटो सकाळी आठच्या आत काढावा लागंल. नंतर ऊन वर येतंय अन् तुझे डोळे बारीक होतेत." सोजरमाय म्हणाली, "आठच्या आत मी तोंड बी धूत न्हाई." ही म्हणाली, "मंग न धुता काढते, तुझीच ओळख पटंल." गयाबाईला सांगून ठेवलं होतं की हिरवं लुगडं नेसायचं आणि गोठ्याच्या दारात बसायचं, तिथं भिंतीवरून परतून येणारा उजेड चांगला आहे. गयाबाईने ते लुगडं धुऊन घडी करून ठेवलं. कॅमेरा बघायला जायच्या आधी दोन महिने.

मग आम्ही जालन्याला गेलो. जाण्याआधी तिने लेकीकडून दुकान आणि भावाचा अंदाज विचारून घेतला होता. जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणारा एक मेस्त्री होता, एका बोळात छोटंसं दुकान. दाढी पिकलेली, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्याने दोन कॅमेरे काढून काचेवर ठेवले. एक काळा कुळकुळीत, पट्टासुद्धा नवा. दुसऱ्याचं मुठीजवळचं रबर सुटलेलं, कोपरे घासून पांढरे झालेले. मी नव्यासारखा दिसणारा उचलला. हिने तो माझ्या हातातून घेतला, पुढची काच काढून मागितली, ट्यूबलाइटकडे धरली आणि एक डोळा झाकून बघितलं. मग ती माझ्या हातात दिली. मीही बघितलं. मला काही दिसलं नाही.

"कडंला बघा," ती म्हणाली. "कोळ्याचं जाळं धरल्यावानी."

मेस्त्रीने डोळ्याचं भिंग काढलं. "मावशी, ये तो अच्छे अच्छे फोटोवालों को नहीं दिखता."

"आन् ह्यो?" तिने घासलेला उचलला.

"ये एक मास्टर का था. स्कूल में गॅदरिंग के फोटो निकालता था, बस. ज्यादा चला नहीं."

तिने त्याचीही काच उजेडाला धरली. एक कोरा कागद मागितला, त्याचा फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर तो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितला, काळा ठिपका कुठे येतो का म्हणून. बाहेर बोळात जाऊन उन्हात उभी राहिली, समोरच्या भिंतीचा फोटो काढला, मग सावलीतल्या एका हमालाचा काढला. बॅटरी काढून घातली, पुन्हा काढून घातली. बटण दाबून कानाशी धरून आवाज ऐकला. अर्धा तास गेला. मेस्त्रीने तिच्यासाठी चहा मागवला. मी बाजूच्या बाकड्यावर बसून होतो. चहा मलाही आला, पण नंतर.

"ह्यो घेते," ती म्हणाली.

मेस्त्री म्हणाला, "सही निकाला, मावशी." आणि त्याने भाव सांगितला. तिला सांगितला. माझ्याकडे बघितलंही नाही.

आता खरं ते लिहितो. भाव वाजवी होता. लेकीने सांगितलं होतं त्याच्या आतच होता. आणि पैसे तिचे होते, क्रॉसिंगच्या मजुरीतले, तिच्या कनवटीला. मला भाव खटकला नाही. तीस वर्षं ज्याला विचारून लोकांनी जनावरं घेतली, त्या माणसाला बाजूला बसवून सौदा झाला होता, ते खटकलं. मी उठलो आणि तो कॅमेरा हातात घेऊन बैल बघतात तसा उलटासुलटा केला. म्हणालो, "रबर सुटलंय. कोपरे झिजलेत. म्हातारा हाय हा. ह्याचे दात गेलेत." आणि सांगितलेल्या भावाच्या निम्मा भाव म्हणालो.

मेस्त्री शांतपणे म्हणाला, "चाचा, मैं भाव नहीं करता. मावशी ने देख के लिया, मैं ने देख के बोला."

मी कॅमेरा काचेवर ठेवला, हिच्या दंडाला धरलं आणि बाहेर पडलो. दहा पावलं चाललो. वीस चाललो. बोळ संपला. हाक आली नाही. तिने मागे वळून बघितलं, मी बघितलं नाही. ती म्हणाली, "त्यानं भिंग लावलं डोळ्याला. कामाला लागला."

कोपऱ्यावर रसाच्या गाड्यापाशी आम्ही बसलो. मी म्हणालो, "दम धर. बोलावतो." बराच वेळ गेला. रसवाल्याने दोनदा बाकडं पुसलं.

ती म्हणाली, "अवं, ह्यो बैलबाजार न्हाई. तुम्ही हितंच बसा. मी जाऊन घिऊन येते."

"तू गेलीस तर तो मला काय म्हणंल?"

"काय म्हणंल? गिऱ्हाईक म्हणंल."

मी उठलो आणि स्टँडच्या दिशेने चालायला लागलो. ती मागून येईल हे मला माहीत होतं. एवढ्या वर्षांत ती मागून आली नाही असं झालं नव्हतं. ती आली.

एसटीत तिला खिडकी मिळाली. रामनगर गेलं, वाटूर गेलं, ती बाहेर बघत होती. मंठा जवळ आल्यावर एका थांब्यावर कुणी बाई बोचकं घेऊन बसलेली होती. मुकादमीण म्हणाली, "ती बाई बघा. कसं ऊन आलंय तिच्या तोंडावर." मी बघितलं नाही. रागात होतो. ती माझ्यावर रागवायला पाहिजे होती, आणि राग मीच धरून बसलो होतो.

गावात उतरलो तर गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बाया बसलेल्या. गयाबाईही होती. "आणला का कॅमेरा?" सगळ्यांचे डोळे हिच्या पिशवीकडे. मी पुढे होऊन म्हणालो, "तिलाच पसंत पडला न्हाई." तोंडातून निघून गेलं. मग मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही, आणि बायांना म्हणाली, "व्हय. काचच खराब होती."

सोजरमाय म्हणाली, "मंग बरं झालं, फसली न्हाईस."

जिच्या नजरेवर साहेब लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला, तिने मला वाचवायला आरशासारख्या काचेला खराब म्हटलं. घरी आल्यावर मी काहीच झालं नसल्यासारखे हातपाय धुतले. तिने भाकरी टाकल्या. ताटात वाढताना म्हणाली, "पुढच्या टायमाला मला एकलीला जाऊ द्या." मी म्हणालो, "बघू." ती एकटीने जाऊन सांगितलेल्या भावाला तो घेऊन आली असती तर मी हरलो असतो, एवढंच माझ्या डोक्यात.

पाच दिवसांनी गयाबाई गेली. ताप आला आणि गेली. चौकात फ्लेक्स लागला. आधारचाच फोटो. डोळे वटारलेले, एक खांदा कापलेला, चेहऱ्याचे ठिपके. मुकादमीण समोर उभी राहिली, मी तिच्या मागे होतो. गयाबाईची सून तिथंच होती. डोळे पुसत म्हणाली, "मुकादमीणबाई, तुमचा कॅमेरा आल्ता असता तर बरं झालं असतं. आत्यानं लुगडं सुद्धा काढून ठिवल्तं." हिने तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "काय करावं बाई. काच खराब निघाली."

मी तिथं बोलायला पाहिजे होतं. मला चांगलं आठवतं, तोंड उघडलंही होतं. सरपंचाचा भाऊ शेजारी येऊन उभा राहिला आणि मी त्याला विचारलं, दहाव्याला नदीवर किती वाजता निघायचं.

घरी आल्यावर मी म्हणालो, "मंगळवारी जाऊ जालन्याला." मंगळवार आला तर मी म्हणालो, हरभऱ्याला फवारणी आहे. पुढच्या वेळी गुडघा दुखत होता. खरंच दुखत होता, पण जाता आलं असतं. तिने एकदाही आठवण करून दिली नाही. टोमणा मारला नाही. एकच केलं. बायांना उन्हाकडे तोंड करायला लावायचं बंद केलं. सोजरमायनेच एकदा विचारलं, "काय गं, माझे डोळे मोठे झाले काय आता?" ही हसली आणि तिच्या हातात शेवग्याच्या शेंगा देऊन आत गेली.

त्यानंतर ते ज्वारी निवडणं आलं. त्या दिवशीसुद्धा मी एवढं म्हणू शकलो असतो, की बाई, तुझं बराबर होतं. तासभर बसलो होतो समोरासमोर. मी गिरणीबद्दल बोललो.

तिचा स्वतःचा फोटो चांगला निघाला. प्लॉटवरच्या साहेबाने काढलेला होता, डोक्यावर रुमाल बांधलेला, पांढऱ्या कळ्यांच्या ओळीत उभी. लेकीने तोच दिला. चौकात जो बघेल तो म्हणायचा, हुबेहूब मुकादमीण. म्हणजे तिचं स्वतःचं काही अडलं नाही. अडलं ते बाकीच्यांचं, ज्यांना ती आठच्या आत नाहीतर गोठ्याच्या दारात बसवणार होती.

दहाव्याच्या आदल्या दिवशी लेक माझ्याजवळ बसली. म्हणाली, "बाबा, उद्या पिंडाला कावळा शिवला न्हाई तर लोक विचारतेत, काही इच्छा राह्यली का म्हणून. आईचं काही मनात होतं का? माझ्याशी तर कॅमेऱ्याचं बोलायची. पण तो तिलाच पसंत पडला नव्हता ना?"

मी म्हणालो, "न्हाई. काही राह्यलं न्हाई तिचं."

रात्रभर मनात एकच. उद्या कावळा येणार नाही. लोक नातवाच्या लग्नाचं बोलतील, जावई सोन्याचं काही बोलेल, कावळा झाडावरच बसून राहील आणि शेवटी मला सगळ्यांसमोर बोलावं लागेल. मी घाबरलो होतो आणि वाटही बघत होतो. माझ्याच्याने आपणहून होत नाही, कुणीतरी नरडं धरून बोलायला लावावं, असं झालं होतं.

नदीवर गेलो. गुरुजींनी पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकायच्या आत कावळा उतरला. भात उचलला, अजून दोन आले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्या लवकर कुणाचा शिवलेला कुणाला आठवत नव्हता. गुरुजी म्हणाले, "तृप्त गेली बाई. मागे काही ठेवलं नाही." चुलत भावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तुम्ही काही कमी पडू दिलं न्हाई, भाऊ. त्याचंच हे फळ." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, दुःखाने घातली.

ओट्यावर तिने माझी बाजू घेतली होती. फ्लेक्ससमोर घेतली होती. आता तिथूनही घेतली. नदीवरून घरापर्यंत माणसं माझं कौतुक करत चालली होती, आणि मला वाटत होतं, कुणीतरी शिवी द्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीला नळ येणार होता. चार दिवसांनी येतो. ती असताना मी कधी गेलो नव्हतो. लेक म्हणाली, मी जाते. मी म्हणालो, राहू दे, आणि हंडा घेऊन गेलो. सगळ्या बाया होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखे केले आणि पुढे व्हायला जागा दिली. मी पुढे झालो नाही. म्हणालो, "एक सांगायचंय. काच खराब नव्हती."

कुणाला कळलं नाही. गयाबाईची सून म्हणाली, "कशाची काच, भाऊ?"

"कॅमेऱ्याची. काच चांगली होती. हिनं बराबर निवडला होता, मेस्त्रीनं बी तिला मानलं. पैसे तिच्याजवळ होते. मी मोडता घातला. मला विचारलं न्हाई म्हणून. आन् हितं येऊन तिच्या नावावर ढकललं. ती माझ्यासाठी खोटं बोलली."

पाणी हंड्यातून वाहून जायला लागलं तरी कुणी हात घातला नाही. मग गयाबाईच्या सुनेने तोंड फिरवलं आणि आपला हंडा काढून घेतला. दुसरी एक म्हणाली, "जाऊ द्या भाऊ. आता काय त्याचं."

"जाऊ द्या कशाला?" सोजरमाय भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच बोलली. "बापू, आमच्या म्होरं काय सांगतूस? तिच्या देखत सांगायचं होतं. गयाच्या फोटोपाशी ती काचीला बोल लावत होती, तवा तू कुठं होतास?"

"मागंच होतो."

"तोंड होतं का?"

"होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. खाली बघितलं नाही.

"नंबर तुझा हाय," ती म्हणाली. "पाणी जाईल."

मी हंडा नळाखाली लावला. भरल्यावर मी तो सोजरमायच्या दारात नेऊन ठेवला आणि तिचा रिकामा हंडा घेऊन रांगेत मागे जाऊन उभा राहिलो.